लोन्शेरची अठ्ठावन्न मतं

मारीहाम्न, ६ सप्टेंबर

ती. दादास, धाकट्या गुनेलचा सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे, एक गुडघा सोडला तर. तो जिना दिसला की रुसतो.

पत्राचं कारण कळल्यावर तू हसशील, म्हणून आधीच सांगते, हसायचं नाही. ऑक्टोबरात आपल्या विधिमंडळाची, लाग्टिंगची निवडणूक आहे आणि तुझी बहीण उमेदवार आहे. शेजारच्या बिर्गितनं मला शहरवाल्यांच्या यादीत घातलं. मला राजकारणातलं काही कळत नाही म्हटलं, तर म्हणाली की यादीतल्या दोघांना सोडून कुणालाच कळत नाही. यादी भरायला नावं लागतात, त्यात बायका कमी पडतात, आणि निवृत्त सुईणीला सगळे ओळखतात, असं तिचं म्हणणं. कॉफीच्या तिसऱ्या कपानंतर मी सही केली.

निवडून येण्याची भीती नाही. भीती वेगळीच आहे. निकालानंतर पेपरात प्रत्येकाच्या नावापुढे मतांचा आकडा छापतात. मागच्या वेळी एका मास्तरांच्या नावापुढे एक छापून आला, आणि त्यांच्या बायकोनं कुणाला मत दिलं ही चर्चा गावाला नाताळपर्यंत पुरली. मला तर नवरापण नाही दोष द्यायला. तेव्हा माझा नंबर सत्तेचाळीस, एवढं लक्षात ठेव आणि वहिनीलाही सांग. तुमची दोन आणि माझं एक, तीन झाली तरी अब्रू राहील.

वहिनीच्या पायाची जखम कशी आहे? मंगळवारी ती दवाखान्यात ड्रेसिंगला येईल तेव्हा मी बोटीवर न्यायला येतेच आहे.

लोभ आहेच, तो बोटीच्या वेळापत्रकावर चालवू नये, ही विनंती.

तुझी,
गुनेल

*

लोन्शेर, ४ ऑक्टोबर

चि. गुनेल हिस थोरल्या भावाचे अ. उ. आ.

मी हसलो नाही. तुझी वहिनी आल्फहिल्ड हसली, पण तिनं तोंडात ब्रेडचा तुकडा घातला होता, त्यामुळे धरता येत नाही. तू लाग्टिंगात! लहानपणी पाहुणे आले की होडीखाली लपायचीस.

बटाटे काढून झाले. जाळ्यात पर्च मासे येतात, पण मनापासून येत नाहीत. उत्तरेकडच्या धक्क्याची एक फळी सडली होती, ती बदलली.

परवा अन्सगार येऊन गेला. तुला आठवत असेल, शेजारच्या बेटावरचा, बेटवाल्यांच्या यादीत आहे. गेली आठ वर्षं लाग्टिंगात आपल्या बोटींचं तोच बघतो. आल्फहिल्डनं बिस्किटांची ताटली ठेवली, तर गड्यानं खायच्याऐवजी ती टेबलावर मांडली. चार इकडे, तीन तिकडे, मग एक उचलून पलीकडे. बोटीचं आणि भागाकाराचं काहीतरी बोलत होता. माझा कान तुला माहीत आहे. मी मान हलवत राहिलो, आणि तो गेल्यावर बिस्किटं जागेवर ठेवली.

मतदानाच्या टेबलावर यंदाही मीच आहे. शिक्का घासून ठेवला आहे. बेटावर सगळ्यांना सत्तेचाळीस सांगून झालं. इथल्या अर्ध्या घरांतलं एकतरी पोर तू हातावर घेतलेलं आहे, हे लोक विसरलेले नाहीत. तुझे तीन कुठल्या कुठे मागे पडतील.

गुडघ्याला लोकर बांध. लोभ धक्क्यासारखा असावा, एखादी फळी सडली तर ती बदलावी.

तुझा,
वाल्फ्रिड

*

लोन्शेर, १८ ऑक्टोबर

चि. गुनेल हिस अ. उ. आ. आणि अभिनंदन

काल मतदान झालं. शाळेची चार बाकं भिंतीला लावली, पेटी मधे ठेवली. सकाळी धुकं होतं तरी दहापर्यंत निम्मं बेट येऊन गेलं. एकेक जण पडद्यामागून घडी घातलेला कागद आणायचा, मी पाठीवर शिक्का मारायचा, आणि तो पेटीत टाकताना माझ्याकडे बघून हसायचा. मतदान गुप्त असतं, हे मी दोनदा सांगितलं. एक बाई म्हणाल्या, गुप्त कसलं, तिनं माझी जुळी काढली.

आता आकडा ऐक. त्रेसष्ट मतं. त्यात अन्सगारला चार. एक बाद, कारण म्हाताऱ्या हेल्गेनं नंबराच्या जागी "आपली गुनेल" असं लिहिलं. उरलेली अठ्ठावन्न तुला. अठ्ठावन्न! गेल्या तीन निवडणुका हे बेट अन्सगारच्याच यादीला मत देत आलं. या वेळी कागद उलगडावा तर सत्तेचाळीसच.

शहरातला निकाल अजून इथे पोचलेला नाही. आल्फहिल्डनं पॅनकेक केला आणि वर आलुबुखाराचा मुरंबा घातला. तुझ्या वाटणीचा मी खाल्ला.

लोभ आजच्या आकड्यासारखा भरघोस असावा.

तुझा,
वाल्फ्रिड

*

मारीहाम्न, २१ ऑक्टोबर

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं.

मला एकूण अठ्ठ्याऐंशी मतं पडली. पेपरात छापून आलं आहे. बिर्गितनं कात्रण काढून फ्रिजवर लावलं.

आता पुढचं सावकाश वाच. आपल्याकडे मत माणसाच्या नंबराला देतात, पण ते आधी यादीच्या टोपलीत पडतं. यादीत सगळ्यात जास्त मतं मिळवणाऱ्याच्या नावावर अख्खी टोपली धरतात, दुसऱ्याच्या नावावर तिची निम्मी, तिसऱ्याच्या नावावर एक तृतीयांश, असं खाली खाली. मग सगळ्या याद्यांचे आकडे एका रांगेत लावतात आणि वरचे तीस आत जातात. आमच्या टोपलीत एक हजार दोनशे बारा मतं पडली, तिसऱ्याचा हिस्सा चारशे चार. बेटवाल्यांच्या टोपलीत एक हजार सहाशे बारा, त्यांच्या चौथ्याचा हिस्सा चारशे तीन. एका आकड्यानं शेवटची जागा आमच्याकडे आली. त्यांचा चौथा म्हणजे अन्सगार. तो पडला.

आमचा तिसरा म्हणजे रुनार एकवाल. मी त्याच्या मागोमाग चौथी. हिवाळ्यात बोटीनं लोन्शेरला थांबू नये, इंधन आणि वेळ वाचेल, हे त्याचं म्हणणं. मे ते सप्टेंबर तेवढं थांबावं. तो वाईट माणूस नाही. नकाशावर बोट ठेवून बोलतो, एवढंच.

बिर्गितच्या भाच्यानं पुन्हा हिशेब मांडला. अठ्ठावन्नांतली फक्त दोन मतं जरी नेहमीप्रमाणे बेटवाल्यांच्या टोपलीत पडली असती, तरी अन्सगार आत आला असता. दोन, दादा.

लोभ राहू द्यावा. आज त्यापुढे काय लिहावं सुचत नाही.

तुझी,
गुनेल

*

लोन्शेर, २९ ऑक्टोबर

चि. गुनेल हिस अ. उ. आ.

पत्र पोचलं. दुकानात ते मी सगळ्यांना वाचून दाखवलं, उगाच कानगोष्टी नकोत म्हणून. कुणी तुला बोललं नाही. हेल्गे तेवढा म्हणाला, की बेटावर शहाणा तो एकटाच, कारण त्याचं मत बाद झालं. लोक हसले आणि आपापलं सामान घेऊन गेले. नेहमी तिथे तासभर बसतात.

बोट थांबली नाही तर काय होईल, ते तुला सांगायला नको. शाळेची बाई शहरातून येते, ती येणार नाही. आल्फहिल्डला दर मंगळवारी ड्रेसिंगला जाता येणार नाही, आणि डॉक्टरांनी मागेच बजावलंय की ड्रेसिंग चुकलं तर पाय जाईल. म्हणजे आम्हाला शहरात खोली बघावी लागेल. तिनं कपाटातली भांडी काढून दोन ढीग केले आहेत, न्यायची आणि ठेवायची. मी विचारलं तर म्हणाली, नुसती पुसतेय. पुसलेली भांडी मी परत कपाटात ठेवतो, ती परत काढते. असा दिवस जातो.

मी बहात्तर वर्षांत या बेटाबाहेर सलग चौदा रात्रींपेक्षा जास्त झोपलेलो नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, माहिती म्हणून लिहितो.

तू स्वतःला खाऊ नकोस. लोभ हिवाळ्यातही थांबणारा असावा.

तुझा,
वाल्फ्रिड

*

मारीहाम्न, २७ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. नवं सरकार बसलं आणि वाहतूक खातं रुनारकडे गेलं. मी डोक्याला हात लावला. पण जो सरकारात जातो त्याला लाग्टिंगातली खुर्ची सोडावी लागते, आणि ती यादीतल्या पुढच्या माणसाला मिळते. पुढचं माणूस मी आहे.

सोमवारपासून मी तिथे बसते. खुर्ची मऊ आहे, भाषणं लांब आहेत. आमच्या गटाच्या प्रमुखानं पहिल्याच दिवशी समजावलं की डिसेंबरात अंदाजपत्रकावर मतदान होईल, तेव्हा गट बसून राहील तर बसायचं, उठेल तर उठायचं. तुमच्या गुडघ्याला बरंच आहे, म्हणाला. मी हसले. बाळंतपणाच्या खोलीतही नवे डॉक्टर मला असंच समजवायचे.

वहिनीला सांग, भांडी कपाटात राहू दे. वचन देत नाही. नुसतं राहू दे.

लोभ धरून ठेवावा.

तुझी,
गुनेल

*

मारीहाम्न, १७ डिसेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

रेडिओवर ऐकलं असशीलच, तरी माझ्या हातानं लिहिते.

बेटवाल्यांनी दुरुस्ती मांडली होती की लोन्शेरचा हिवाळी थांबा तसाच ठेवावा. सभापती म्हणाले, दुरुस्तीच्या बाजूनं असतील त्यांनी उभं राहावं. आमच्या गटातले बाकीचे दोघं बसून होते. मी बाकाला धरून उठले. गुडघा असा वाजला की पुढच्या रांगेतल्यांनी मागे वळून पाहिलं. बाजूचा कुजबुजला, "बाई, चुकून उठलात, बसा."

मी म्हणाले, "आत्ता नाही चुकत. चूक ऑक्टोबरात झाली."

पंधरा विरुद्ध चौदा, सभापती मत देत नाहीत. बोट थांबेल. एका वर्षापुरती, पुढच्या अंदाजपत्रकात पुन्हा हाच वाद. रुनार बाहेर भेटला, टोपी काढून नमस्कार केला आणि गेला. गटाच्या बैठकीला मला आता बोलावत नाहीत. बिर्गितनं फ्रिजवरचं कात्रण काढलं, आणि कॉफीलाही आली नाही. तिची मला फार सवय होती.

आता जे लिहायचं आहे त्याच्यासाठी हे सगळं आधी लिहिलं. सोबत एक जुनं पत्र पाठवते. तारीख बघ, १० ऑक्टोबर. मतदानाच्या आठवडाभर आधीची. आदल्या दिवशी प्रचाराच्या बैठकीत रुनारनं बोटीचं मांडलं, आणि भाच्यानं टोपल्यांचं गणित समजावलं. मी घरी येऊन तुला लिहिलं, की मला मत देऊ नका, अन्सगारलाच द्या. तिकीट लावलं. कोटाच्या खिशात ठेवलं. टपालपेटीपर्यंत गेले, आणि पेपरातला आकडा डोळ्यांसमोर आला. माझ्या नावापुढे एक. मी तशीच परत आले. दुसऱ्या दिवशी टाकू म्हटलं. मग त्याच्या दुसऱ्या दिवशी.

मला कळलं नव्हतं असं तुम्ही सगळे धरून चाललात. मी तसं धरू दिलं.

लोभ मागण्याचा अधिकार आज माझा नाही, तो तुझ्या मर्जीवर सोडते.

तुझी,
गुनेल

*

लोन्शेर, २३ डिसेंबर

चि. गुनेल हिस थोरल्या भावाचे नेहमीपेक्षा जास्त अ. उ. आ.

बोट काल वेळेवर आली. धक्क्याभोवती कोवळा बर्फ धरला आहे, तो तिनं बिस्किटासारखा मोडला. आल्फहिल्ड ड्रेसिंग करून परत आली. जखम आता नाण्याएवढी राहिली आहे. भांडी कपाटात गेली. दोन बशा जागा बदलून बसल्या आहेत, पण मी तोंड उघडलेलं नाही.

बेटावर तुझं फार कौतुक चाललं आहे. हेल्गे म्हणतो, पुढच्या वेळी नंबर पाठ करीन. मी सगळ्यांना बसवून टोपल्यांचं गणित समजावलं. बटाटे मांडून, चार इकडे, तीन तिकडे. आता शाळेतल्या पोरांनाही ते येतं.

तुझं दहा ऑक्टोबरचं पत्र दोनदा वाचलं. मग चुलीत घातलं. आल्फहिल्डला दाखवलं नाही, आणि दाखवणार नाही.

आता माझं ऐक. अन्सगार आला होता त्या दिवशी तो माझ्या चांगल्या कानाच्या बाजूला बसला होता. त्यानं बिस्किटं मांडून जे सांगितलं त्यातला शब्दन् शब्द मला ऐकू आला, आणि कळलाही. मी शाळेत दोनच हिवाळे गेलो, पण चारांत आणि तिनांत भागायला मला समुद्रानंच शिकवलं आहे, जाळं एक आणि होड्या चार असल्या की. तो जाताना म्हणाला, "वाल्फ्रिड, गुनेलला दिलेलं प्रत्येक मत आधी रुनारच्या टोपलीत पडेल, एवढं बेटावर सांग." मी कानामागे हात धरला आणि काय म्हणालास असं विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा हात धरला. तिसऱ्यांदा त्यानं सांगितलं नाही, टोपी उचलली.

मग मी घरोघर जाऊन सत्तेचाळीस सांगत फिरलो. पेपरात तुझ्या नावापुढे तीन छापून येतील आणि तू पुन्हा होडीखाली लपशील, हे मला बघायचं नव्हतं. बोटीचं काहीतरी होईल असं वाटलं. बोट नेहमीच येत आली आहे. तू लिहिलंस की फक्त दोन मतं हवी होती, तेव्हा मी टेबलावर बसून आपली दोन मोजली, आल्फहिल्डचं आणि माझं. तिनं तर मला विचारून दिलं होतं.

आता दोघांचं सांगून झालं. अन्सगारकडे मी परवा होडीनं गेलो होतो, बिस्किटांचा डबा घेऊन. सगळं सांगितलं. त्यानं डबा उघडला आणि एक बिस्कीट मला दिलं. पुढच्या वेळी तो उभा राहणार आहे.

पुढच्या वेळी तू उभी राहिलीस तर माझं मत तुला नाही. राग मानू नकोस. नाताळला मात्र ये, खिरीतला तो एकुलता शुभशकुनाचा बदाम यंदा तुझ्या वाटीत येईल याची व्यवस्था मी करतो. एवढी लबाडी घरात चालते. बिर्गितलाही घेऊन ये, नाही म्हणाली तरी एकदा विचार.

लोभ आहे तेवढा अखंड तुझा आहे. त्याला दोननं, तीननं कशानंही भागू नये.

तुझा,
वाल्फ्रिड