पितळी बुशचा खरा खर्च

बंगलोर, १२ ऑगस्ट १९९८

प्रिय दादा,

तुम्हा सगळ्यांना नमस्कार. मी बरी आहे. मेसमध्ये आता पोळी मिळते. माईचा खोकला थांबला का?

कंपनीत नवा कॉम्प्युटर प्रोग्राम आलाय. पार्टचं ड्रॉइंग, धातू, मजुरी आणि मशीनचा वेळ भरला की तो पार्ट बनवायला किती खर्च येतो ते कळतं. तू अंबरनाथच्या तुझ्या वर्कशॉपमधून आमच्या कंपनीला पाठवतोस तो पितळी बुश काल माझ्याकडे हिशोबाला आला. एका नगाचा खर्च निघाला एकेचाळीस रुपये. तू देतोस छत्तीसला.

मी तीनदा तपासलं. शेवटी मजुरीच्या जागी शून्य भरलं, तेव्हा बरोब्बर छत्तीस आले. दादा, लेथवर तू स्वतः उभा राहतोस आणि स्वतःची मजुरीच धरत नाहीस. फोनवर मात्र "धंदा मस्त चाललाय" म्हणतोस.

मी साहेबांना म्हटलं, "हा माझा भाऊ आहे. त्याला हा भाव परवडत नाही."

ते म्हणाले, "वाढवून मागितला तर दुसरा सप्लायर बघू."

तरी तू वाढवून माग. ऑर्डर गेली तर माझ्यामुळे गेली म्हण, पण असा फुकट राबू नकोस. वहिनीला तरी खरं सांगितलं आहेस का रे?

तुझीच,
वृंदा