टेकडीवरची खरचुडी

२ ऑगस्ट
खडी क्रशरवाले आमची टेकडी फोडणार म्हणे! मला धीरच धरवेना. वर जाऊन खरचुडीचे सगळे वेल कंदासकट उकरून आणले. आमच्या वाशी तालुक्यात ही एवढीच उरलीय, जेसीबीखाली मेली असती बिचारी! गच्चीवर कुंड्यांत लावली, नारळाच्या भुशाचं कोकोपीट घालून. लई भारी वाटतंय.

१० ऑगस्ट
सगळ्यांनी मुळं धरली. एका वेलाला फूल आलंय — हिरवट, इवल्या कंदिलासारखं.

१४ ऑगस्ट
काय करून बसले मी! वनखात्याच्या उमादेवी मॅडम आल्यात, टेकडीवरच्या झाडांची पाहणी करायला. दुर्मिळ झाड सापडलं तर टेकडी वाचणार! हसीनाखालांच्या शेळ्या तिथंच चरतात. त्यांनीच हौसेनं मॅडमना खरचुडी दाखवायला नेलं. तर नुसते खड्डे!

गावात बोंब — म्हातारीनंच कंद खाल्ले. खाला रडत दारात आल्या. ‘नंदे, ल्हानपणी खाल्ले गं, आता न्हाय. तू तरी खरं मान.’ मी त्यांना चहा दिला. गच्चीकडं मान वर करायची हिंमत झाली नाही. थू माझ्या जिनगानीवर!

१५ ऑगस्ट
सांगून टाकायचं ठरवलं होतं. खालांच्या दारापर्यंत गेले अन् तशीच माघारी आले. झेंडावंदन झाल्यावर गुपचूप वर गेले, सगळे वेल जुन्या खड्ड्यांत लावून आले. मॅडम उद्या पुन्हा बघणार आहेत. कंद शाबूत दिसले की खालांवरचा आळ जाईल, टेकडी वाचेल, माझंही झाकून राहील. शहाणीच की मी!

१६ ऑगस्ट
मॅडमनी मुळाशी बोट घातलं. बोटाला कोकोपीट!
‘कुणी लावलं हे?’
सगळ्यांसमोर सांगावं लागलं. मॅडम भडकल्या — ‘लावलेलं झाड पाहणीत धरत नाहीत. आपोआप उगवलेलं पाहिजे.’
खाला एवढंच म्हणाल्या — ‘लोक मला चोर म्हणत हुते, आन् तू चहा पाजत हुतीस व्हय?’
मेल्याहून मेल्यासारखं झालं. 

१८ ऑगस्ट
खालांनी दोन दिवस टेकडी पालथी घातली. आज निवडुंगाच्या जाळीत एक वेल सापडला. मी कधी बघितलासुद्धा नव्हता! फुलांनी लगडलेला. मॅडमना हाताला धरून घेऊन आल्या. मॅडमनी फुलांकडं बघितलं, मग माझ्याकडं.
‘हाही तुम्हीच लावलाय. अजून कितीही लावा,’ म्हणाल्या, ‘मी नोंद करणार नाही.’