पहिला चेंडू पाहुण्याचा

सर,

तुम्ही गेलात तेव्हा पनवेलमध्ये बेसबॉल कुणी पाहिलेला नव्हता, आणि माझी नात तो खेळायला लागली नसती तर मी तरी कशाला पाहिला असता. नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. खारघरला कॉलेजात शिकते, उंचीला माझ्याहून चार बोटं जास्तच. लहानपणापासून आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत मुलांबरोबर टेनिस बॉलचं क्रिकेट खेळली. भात कापून झाला की नेऱ्याच्या शेतांत सामने होतात, तिथेही मुलींच्या संघातून जाऊन तिने भल्याभल्यांचे चेंडू बांधापलीकडे घालवले. ते बघूनच कॉलेजच्या बेसबॉलच्या कोचबाईंनी तिला बोलावून घेतलं. संघात नवी, पण सगळ्यांच्या आशा तिच्यावर. आणि हंगाम सुरू झाला तशी ही कोरडी. एक सामना गेला, दुसरा गेला, तिसराही. बॅटला चेंडू लागेना. आमच्या इमारतीखाली कुवेतहून परत आलेल्या एका चाचांचं दुकान आहे, ते मला बघितलं की विचारायचे, "काय काका, आपली सिक्सरवाली आज पण कोरडीच? मी दुवा करतो हां, पण बॅट तिलाच फिरवायला लागेल." मी हसून दुधाची पिशवी घ्यायचो आणि जिना चढताना मला तुमची आठवण यायची.

का यायची ते सांगतो. आपलं शाळेचं मैदान आठवा, सर. एका कडेला बाभळी, आणि दुपारनंतर खाडीवरून येणारा तो खारट वारा. पेणच्या शाळेविरुद्धचा सामना. मी पहिल्याच चेंडूवर बॅट उगारली आणि झेल देऊन परत आलो. हद्दीजवळ पालथ्या बादलीवर बसला होतात, नुसते स्वतःच्या चपलांकडे बघत राहिलात. त्यापेक्षा तुम्ही मारलं असतंत तर बरं झालं असतं. संध्याकाळी मला घरी बोलावलंत. तुमचं स्वयंपाकघर आत्ताही माझ्या डोळ्यांपुढे आहे: शेगडीवर तुमच्या घरच्या बाई पोह्याचे पापड भाजताहेत, धुराने डोळे चुरचुरताहेत, आणि तुम्ही तांब्यातून पेल्यात पाणी ओतून माझ्यापुढे धरता. म्हणता, "दारात पाहुणा आला की आल्या आल्या त्याला पाटावर बसवतोस का रे? आधी पाणी देतोस ना? चेंडू पण पाहुणाच. पहिल्याला नुसतं पाणी द्यायचं. कुठून आलाय, काय चालीचा आहे, नीट न्याहाळायचं. मग करायचा पाहुणचार." बाई म्हणाल्या, "अहो, पोराला खाऊ तरी द्या." मी पापड खाल्ला. त्या दिवसापासून मी पहिला चेंडू कधी मारला नाही.

कवितेलाही तुम्ही तसंच वागवायचात. चष्मा काढून खिशात ठेवायचात, म्हणायचात, "पुस्तकं मिटा. डोळेही मिटलेत तर चालेल." पहिल्या वाचनाला कुणी अर्थ विचारायचा नाही, कुणी हात वर करायचा नाही. वाचून झालं की वर्गात जी शांतता पसरायची, तिच्यात बाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीचं चाक सुद्धा यमकात वाजतंय असं वाटायचं. मग दुसरं वाचन. मग कुठे तुम्ही विचारायचात, "आता बोला, कोण भेटलं कवितेत?" सर, मी अजूनही दुपारी गॅलरीत बसून जुन्या क्रमिक पुस्तकांतल्या कविता म्हणतो. पहिलं वाचन करून थांबतो. शांतताही होते, अगदी तशीच. पण मग "आता बोला" म्हणणारं कुणी नसतं, आणि दुसऱ्या वाचनापर्यंत मी कधी पोहोचतच नाही.

तुमचं ते पाणी मी आयुष्यभर पाळलं. नोकरीच्या वेळी, घर घेताना, सगळीकडे. लग्न ठरायच्या आधी मी हिच्या घरी तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा नुसता चहा पिऊन परत आलो. ती शेवटपर्यंत मला त्यावरून चिडवायची, "मला वाटलं, ह्यांना चहाच आवडलाय." माझं काही वाईट झालं नाही, सर. म्हणूनच नातीच्या हातात पहिल्यांदा प्लास्टिकची बॅट आली तेव्हा मी तिला तेच शिकवलं. व्हरांड्यात मी बॉल टाकायचो, आणि ती पहिला बॉल सोडून मोठ्याने ओरडायची, "पाणी दिलं!" तिच्यासाठी तुम्ही म्हणजे गोष्टीतले आहात, राजा असतो तसे. तुमची चालण्याची ढब, तुमची तपकीर, तिला सगळं माहीत आहे.

आणि बेसबॉलमध्ये, सर, पाणी द्यायला सवडच नाही. समोरची मुलगी चेंडू फेकते, बॅटवालीने तो मारायचा. नीट टप्प्यातला चेंडू नुसता सोडला तरी एक संधी गेली. अशा तीनच संधी. तिसरी गेली की बाद, मग बस बाकावर.

हे मला सांगितलं तिच्या कोचबाईंनी. बाई मोरा बंदरावरच्या, कोळ्यांच्या घरातल्या, आवाज असा की मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जावा. चौथ्या सामन्यानंतर मला म्हणाल्या, "आजोबा, जरा इकडं या. पोरीचा हात सोन्याचा हाय. पन पयला सोडते, दुसरा सोडते, आनि तिसऱ्याला घाबरून कसा पन झोडते. कुनाला मान देते काय ती? कोनी शिकवलाय हिला ह्यो?"

मी म्हटलं, "मी."

त्या जरा वरमल्या. मग म्हणाल्या, "मंग तुमीच काढा तिच्या डोक्यातून. माजा आयकत नाय ती. येत्या रविवारी अशीच उभी रायली तर मला तिला बसवायला लागंल. नवी हाय, एकदा बसली का हंगाम गेला तिचा."

त्या संध्याकाळी ती सरावाहून आली, हातपाय धुऊन जेवायला बसली. सुकटीची चटणी, भाकरी, तिचं आवडतं. मान खाली घालून जेवत होती. मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं ना, पहिले चेंडू सोडतेस म्हणून बाद होतेस ते?"

"हो."

"मग मारत का नाहीस?"

"जमत नाही, आजोबा. हात उचलला ना की वाटतं, तुझ्या सरांचं मोडतेय." आणि मग हसून, पण डोळ्यांत पाणी, "कसले सर होते रे तुझे! मेल्यावर पण फील्डिंग लावून बसलेत."

मला हसू आलं. या घरात तुम्हाला असं हक्काने बोलणारं कुणीतरी आहे, हे ऐकायला तुम्ही हवे होतात. मी म्हटलं, "रविवारी पहिलाच चेंडू मार. चांगला आला तर सोडायचा नाही."

"आणि सर?"

"सरांना मी सांगतो."

बोलून तर गेलो. सांगणार कुठे? तुम्ही गेलात तेव्हा मी बदलीच्या गावी होतो, बातमी पोहोचेपर्यंत बाराव्याचा दिवस उलटून गेला होता. तुमचं घर होतं तिथे आता मोबाइलची दुकानं आहेत. तरी शब्द दिला म्हणून आज कागद घेऊन बसलो. तर सर, सांगतो: तुमचं म्हणणं मी माझ्या नातीकडून मोडून घेतलं. तुमचं चुकलं म्हणून नाही. तिच्या खेळाची रीतच निराळी आहे, एवढंच.

काल रविवार होता. मी मैदानाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. ऊन कडक, आणि खाली कोचबाई हाताची घडी घालून उभ्या. माझी नात आत आली, जमिनीवर पाय रोवले, बॅट खांद्याशी धरली. समोरच्या मुलीने हात मागे नेला. ठक्क असा आवाज झाला, मग एकदम ओरडा उठला, आणि त्या ओरड्यावर बाईंचा आवाज, "बॅट टाक गं! बॅट टाक! कुठं घेऊन चालली ती?" क्रिकेटची सवय, सर; इथे बॅट टाकून धावायचं असतं. पोर बॅट हातात घेऊन धावत सुटली होती, वेणी उडतेय, तोंडभर हसतेय, आणि बाई कपाळावर हात मारून घेताहेत. चेंडू परत येण्याआधी ती पहिल्या बेसवर, म्हणजे धावेतल्या पहिल्या थांब्यावर, पोहोचली. बॅट अजून हातातच होती.

सामना आम्ही हरलो. पण पुढच्या सामन्यालाही ती खेळणार, असं बाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. ती घामाने निथळत पायऱ्या चढून माझ्याकडे आली. "आजोबा, बघितलंस ना? पहिलाच! दोघींच्या मधून कसा गेला, बघितलंस?"

मी म्हटलं, "बघितलं तर."

या पत्रासाठी पाकीट मी आणलेलं नाही, तेव्हा हे तुमच्यामाझ्यातच राहील. सर, मी नाही बघितलं. त्या मुलीच्या हातून चेंडू सुटला, त्याच क्षणी मी मागे वळून वरच्या पायऱ्यांकडे बघत होतो, तुम्ही रागावलात का ते बघायला. तिथे एक बाई छोट्या मुलाला केळं भरवत होती. दुसरं कुणी नव्हतं.