करंगळीवरची लोकर

२६ नोव्हेंबर १९७४, मंगळवार

सूनबाई उत्तराचं विणकाम तिसऱ्यांदा उसवलं. माझ्या लेकाच्या, मधुकरच्या स्वेटरची पाठ, अर्धी झाली होती. ऐंशी टाके घातले होते, मोजले तर शहात्तर. चार गेले कुठं? "मले समजलंच नाही आई," म्हणते. काहून समजत नाही? टाका सुईवरून निसटला की हाताले कळते. मी चौथीत शाळा सोडली, तरी मले कळते.

२९ नोव्हेंबर

पुन्हा दाखवलं. लोकरीचा करंगळीले एक वेढा, मग पहिल्या बोटावरून सुईवर. ताण करंगळीच धरते, बाकीची बोटं नुसती चालतात. उत्तराच्या करंगळीवरून लोकर सुटते अन् तिले पत्ता नाही. एक टाका ढिला, एक आवळ. सुलट ओळ जाळीसारखी दिसते.

म्हटलं, "माहेरी पारशिवनीत आईनं कधी हातात सुई दिली नाही काय वं? नुसती लाडात वाढली."

मान खाली घालून बसली. उलटून बोलत नाही, त्याचाच जास्त राग येते.

३ डिसेंबर

शेजारच्या यमुताई आल्या. त्यांच्यासमोर सुया ओढून घेतल्या. "पाहा आमच्या सूनबाईची कारागिरी!" यमुताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रंभाबाई, पोरीची करंगळी वाकडी दिसून राहिली वं." मी म्हटलं, नखरे आहेत.

८ डिसेंबर

थंडी. उत्तरा कामापुरती बोलते. मीही.

११ डिसेंबर

माझ्या हातून काय झालं ते लिहून ठेवतो.

दुपारी पुन्हा लोकर सुटली. माझं डोकं फिरलं. तिच्या करंगळीले लोकर करकचून चार वेढे दिले, वर गाठ मारली. "आता सुटते कशी पाहतो. वीत भरल्याशिवाय उठायचं नाही." अन् मी भाजी आणायले सक्करदऱ्याच्या बाजारात गेली. तिथं बोलत बसली.

आली तर ही विणूनच राहिली होती. करंगळी जांभळी-काळी. लोकर कातडीत रुतली, रक्त आलेलं. कात्रीनं कापली.

"दुखत नव्हतं काय वं?"

"नाही आई."

टाचणी टोचून पाहिली. इथं? नाही. इथं? नाही. बाजूचं बोटही नाही.

१४ डिसेंबर

रामदासपेठेत डाक्टरकडे नेलं. डोळे मिटायले सांगून त्यांनी बोटांवरून कापूस फिरवला. कोपरामागची शीर चाचपली, दोरीसारखी जाड झाली म्हणे. महारोग आहे. गोळ्या खूप दिवस घ्या, बरा होईन. पण ही दोन बोटं आता सरळ होणार नाहीत. म्हणाले, पावसाळ्यात आणलं असतं तर वाचली असती. घरात कोणाच्या ध्यानात नाही आलं काय?

ध्यानात! रोज तेच बोट पाहत होती मी.

येताना रिक्षात मी तिच्यापासून सरकून बसली. लाज वाटते लिहायले, पण बसली. तिनं पाहिलं.

मधुकरले सांगितलं. तो सायकल पुसत राहिला.

१७ डिसेंबर

तिची गोळी मीच देतो. हातात देतो, ताटलीत ठेवून नाही. स्वेटर तसाच पडला आहे. मी एकटीनं पुरा करावा म्हटलं, सुई उचलवत नाही.

२० डिसेंबर

आज विचारलं, कधीपासून कळत नव्हतं? म्हणे आषाढापासून. मग सांगितलं काहून नाही?

"तुमच्या लेकाले सांगितलं होतं. ते म्हणाले, आईले कळू देऊ नको, ती तुले घरात ठेवणार नाही."