ऑप्शनला टाकलेला सम्राट

२८ जून १९७१, सोमवार

खताच्या दुकानातून यांना फुकट मिळालेली ही डायरी सहा महिने कोरी पडली होती. मला कोरं पान पाहवत नाही. आजपासून लिहिणार. कुणी वाचायची नाही, यांनी तर नाहीच.

आज कॉलेजात नाव घातलं. प्री-डिग्री, आर्ट्स. मॅट्रिक झाले त्याच वर्षी लग्न झालं आणि शिक्षण राहिलं ते राहिलंच. आमच्या तिसगावात मॅट्रिक झालेली मी एकटी, पण इथे नगरला कुणाला सांगून खरं वाटत नाही.

यांनी अट घातली आहे. पास झालीस तर पुढे शीक, पोळ्यांना बाई लावू. नापास झालीस तर पुढच्या जूनला आपली चांगुणा मॅट्रिक होऊन कॉलेजात जाईल आणि तू घरी. मायलेकी दोघी बाहेर आणि चूल थंड, हे नापासांसाठी चालायचं नाही. बाई लावायची म्हणजे पीठ सांडणार, तेल सांडणार. तरी मान्य केलं. बी.ए. झाल्यावर अटी मी घालीन.

संकल्प: पहाटे पूजा, मग अभ्यास. कॉलेजात कुणाशी वायफळ बोलणं नाही. पहिला वर्ग.

२९ जून

संताप. सरस्वतीची जागा म्हणून वर्गाबाहेर चपला काढून आत गेले. बाकी सगळी पोरं बुटांसकट आत. तास सुटल्यावर बाहेर येते तर माझी एक चप्पल जिन्यात, दुसरी नोटीसबोर्डाच्या खिळ्याला. तिच्याखाली खडूने ‘सूचना’ असं लिहिलेलं. उद्यापासून चपला पिशवीत घालून आत न्यायच्या. पहाटे उठणंही उद्यापासून. काल नाव घातल्याच्या आनंदात झोप लागली नाही, त्यामुळे आज जाग आली नाही.

८ जुलै, गुरुवार. गुरुपौर्णिमा

नारळ आणि पेढे घेऊन गेले. इतिहासाचे नवे सर आजच हजर होणार होते, गर्जे सर. ते वर्गात आल्याबरोबर पुढे होऊन वाकले. वर बघते तर पाथर्डीच्या बनुबाईचा सूर्यभान. बनुबाई तिसगावच्या बाजाराला यायची तेव्हा हा तिच्या कडेवर. नाक पुसलेलं मी एकदाही पाहिलं नाही.

त्यानेही ओळखलं. आधी फळ्याला जाऊन टेकला, मग वाकून माझ्याच पायांना हात लावला. इंग्रजी बोलायला तोंड उघडलेला माणूस, म्हणाला, “मावशी, उठा बरं. आईला कळलं तर मला घरात घ्यायची न्हाई.”

वर्गाला गहिवरून आलं. काही मुलं बाकाखाली गेली. पण तास बुडाला त्याचं काय? आणि आता सगळं कॉलेज मला मावशी म्हणतं. प्यूनसुद्धा. तो माझ्याहून मोठा आहे.

१९ ऑगस्ट, गुरुवार

वर्गात एक बरी मुलगी आहे, मरिया. तिचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर आहेत. एकटी तीच मला काकू म्हणते. तिने आग्रहाने कॅन्टीनला नेलं. मी उपासाचे शेंगदाणे काढले तर मॅनेजर म्हणतो बाहेरचं खायला मनाई. मी म्हटलं, तुझ्याकडे उपासाचं काय आहे? म्हणाला, पाणी. पोरं हसली. मी त्याचं पाणीसुद्धा प्याले नाही. चांगली अद्दल घडली त्याला.

मरिया म्हणाली, काकू, काही अडलं तर विचारत जा. चिमुरडी मला शिकवणार. मी मॅट्रिकला केंद्रात तिसरी आले होते, हे तिला सांगून ठेवलं.

१६ ऑक्टोबर

सहामाहीत इतिहासात नापास. शाईत पाणी जरा जास्त पडलं होतं, अक्षर फिकट उमटलं, एवढंच कारण. सूर्यभानला म्हटलं, उन्हात धरून वाच. तो म्हणाला, वाचलं मावशी, म्हणूनच. चढला आहे. बनुबाई भेटली की बोलणार आहे.

संकल्प: दिवाळीनंतर पहाटे चार.

६ डिसेंबर, सोमवार

युद्ध. खिडक्यांना काळे कागद लावले, ब्लॅकआउट आहे. संध्याकाळनंतर अभ्यास नाही. पाकिस्तानने नेमकं माझ्या परीक्षेच्या वर्षी हे काढलं. चांगुणा कंदिलावर टोपली घालून तिच्या खाली वाचते. डोळे जातील म्हणून ओरडले. ती म्हणाली, आई, तू दिवसा वाच की. दिवसा दळण कोण निवडणार?

२२ जानेवारी १९७२, शनिवार

गॅदरिंग. फिशपॉन्ड नावाचा प्रकार असतो. कुणीही कुणाच्याही नावाने चिठ्ठी टाकायची, स्टेजवरून वाचतात, ज्याचं नाव त्याने पुढे येऊन घ्यायची. बहुतेक सगळ्या टवाळीच्या. एका मुलीला रडू आलं. मी उठून संयोजकांना झापणार होते, तेवढ्यात माझीच आली: “पिशवीतून चपला नेणाऱ्या मावशींना: गाभारा पुढच्या चौकात आहे.”

म्हणजे वर्ग आणि देऊळ यांची तुलना कुणाला तरी सुचली. माझ्या वागण्याने एवढा तरी बदल झाला. पुढे जाऊन चिठ्ठी घेतली, नमस्कार केला. मोठ्या टाळ्या. घरी चिठ्ठी दाखवली तर हे उठून मोरीत गेले आणि बराच वेळ चूळ भरत राहिले.

१४ फेब्रुवारी

विश्वासघात. आज लेडीज रूममध्ये दोघी-तिघी बोलत होत्या. कानावर आलं ते असं: मौर्य, गुप्त, हर्षवर्धन, सगळं ऑप्शनला टाकलंय, गर्जे सरच म्हणाले. मी आत गेल्याबरोबर गप्प. मरियासुद्धा.

घरी चांगुणाच्या डिक्शनरीत पाहिलं. ऑप्शन म्हणजे निवड, पसंती. लख्ख उजेड पडला. पोस्टात टाकतात, गल्ल्यात टाकतात, भिशीत टाकतात, तसं या पोरींनी निवडून ऑप्शनला टाकलं. म्हणजे पेपरात येणार ते हेच. बनुबाईच्या सूर्यभानने पोरींना सांगितलं आणि मला, जिच्या पायाला हात लावला तिला, नाही.

कुणाला विचारणार नाही. कळलं आहे हेही दाखवणार नाही. तेवढंच पाठ करणार आणि सगळ्यांच्या वर नंबर काढणार.

५ मार्च, रविवार

पहाटे चारला उठते आहे. खरंच. मढीच्या कानिफनाथांना बोलले आहे, पास झाले तर पायी येईन. अशोक तोंडपाठ. कलिंगाची लढाई भाकऱ्या थापताना म्हणते. हे म्हणाले, पुढचे सुलतान, मोगल कधी वाचणार? मी नुसती हसले. यांना कॉलेजातलं काय कळतं?

चांगुणाची मॅट्रिकही याच महिन्यात. ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. युक्ती नाही पोरीला.

४ एप्रिल, मंगळवार

इतिहासाचा पेपर. पेपर काढणाऱ्याच्या घरी आई-बहीण नसावी.

अशोक नाही. गुप्त नाही. हर्षवर्धन नाही. अल्लाउद्दीन, विजयनगर, अकबर, औरंगजेब. पुरवणीसकट सगळं लिहून आले म्हणा. अकबराने दयेने राज्य केलं, तसंच अशोकानेही केलं होतं, मग पुढे अडीच पानं अशोक. औरंगजेबाला कलिंगानंतरसारखा पश्चात्ताप झाला असता तर, असं धरून त्यातही अशोक. शाई घट्ट वापरली.

बाहेर आल्यावर मरियाला धरलं. ऑप्शनला टाकलेलं एकही का आलं नाही, विचारलं. ती आधी हसली. मग माझ्याकडे बघून थांबली. हळू म्हणाली, “काकू, ऑप्शनला टाकणं म्हणजे सोडून देणं. वाचायचं नाही ते.”

मी म्हटलं, टाकणं म्हणजे ठेवणं. आमच्या घरी टाकून देण्याची पद्धत नाही, पानातलं मीठसुद्धा नाही. ती म्हणाली, मला विचारायचं होतं ना काकू. मी तिला तिच्या उच्चारांबद्दल चार शब्द सुनावले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. येऊ दे.

तरी पास होईनच. तपासणारा जुन्या वळणाचा असला तर अशोक त्याला आवडेल.

१० जून, शनिवार

इतिहासात अकरा. इंग्रजीही गेलं, ते त्या पेपराच्या धक्क्याने. मराठीत बावन्न. मरिया सेकंड क्लास.

चांगुणा मॅट्रिक झाली, फर्स्ट क्लास. पेढे आणले. शेजारणीने विचारलं, कुणाचे? मी म्हटलं, घरचे.

यांनी पेढा खाल्ला आणि वर्तमानपत्र उघडलं. बोलले असते तर भांडता आलं असतं. अटीचा विषय मीच काढला. म्हटलं, यंदा जरा विश्रांती घेते, घर फार आबाळलं आहे. हे म्हणाले, परत बसायचं असलं तर बस, अट मी सोडली. मी हो म्हणणार होते. दारात चांगुणा उभी होती. तिचा चेहरा पाहिला. मायलेकी एकाच बाकावर. मी म्हटलं, नको. शब्द म्हणजे शब्द.

२६ जून, सोमवार

चांगुणाचा पहिला दिवस. दशम्या बांधून दिल्या. चपला पिशवीत घाल म्हणून सांगितलं, तिने ऐकलं नाही. कॉलेजने मुली बिघडतात हे माझं पहिल्यापासूनचं मत आहे, पण ही जिना चढायच्या आधीच बिघडली.

दिवसभर घर झाडलं. आधीही स्वच्छच होतं.

संध्याकाळी आली, हसतमुख. जेवताना सांगत होती. गर्जे सरांनी हजेरी घेतली आणि वर्गाला विचारलं, मावशींनी यंदा नाव घातलं नाही का? सगळी मुलं नवीन. एकमेकांना विचारायला लागली, कोण मावशी?

मी तव्यावरची पोळी उलटली. विचारलं, तू काय म्हणालीस?

तिने ताट थोडं पुढे केलं. “मीपण तेच म्हटलं, कोण मावशी.”

पोळी वाढली. यांनी मला ताट वाढून घ्यायला सांगितलं. मी म्हटलं, आजपासून सोमवार धरला आहे.