मास्तरांचा कार्बोरेटर आणि मामाजींची आरोळी

वडनेर, तालुका हिंगणघाट
माघातला शेवटचा सोमवार, १९८४

तीर्थरूप चंद्रभानदादास,

धाकट्या नलूचा वडनेरहून वाकून नमस्कार. वहिनीची कंबर आता कशी आहे? गॅरेजात दिवसभर इंजिनं उचलतोस, तर घरी पाण्याची एक घागर उचलायला तुला काय होतं? (हे वाक्य तिला मोठ्याने वाचून दाखव.) पोरांची परीक्षा जवळ आली असेल, त्यांना आत्याचा आशीर्वाद सांग. इकडे सगळे सुखरूप आहेत. कापूस वेचून झाला, तुरी घरात आल्या, सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी समुद्रपूरला गेल्या आहेत, म्हैस वेळेवर दूध देते. घरात दुखणाईत म्हणशील तर एकच आहे, तो म्हणजे कार्बोरेटर, आणि त्याचं दुखणं तुझ्यापासून सुरू झालं आहे.

भाऊबीजेला आलास, ओवाळून घेतलंस, साडी दिलीस (रंग चांगला आहे, काठ लहान आहेत), इथवर सगळं ठीक होतं. पण जाताना माझ्या नवऱ्याला, म्हणजे तुझ्या मास्तर जावईबापूंना, नागपूरच्या भंगारातून जुन्या फटफटीचं इंजिन पाठवायचा शब्द दिलास आणि तो पाळलास. आयुष्यात पाळलेला तुझा हा पहिलाच शब्द असावा. एसटीच्या टपावरून ते धूड उतरलं तेव्हा मास्तरांचा चेहरा बघायला हवा होता. आमच्या लग्नात माझ्या तोंडावरचा पदर बाजूला झाला तेव्हासुद्धा ते इतके खुलले नव्हते. शाळेत विज्ञान शिकवतात ना, त्यामुळे आपल्याला सगळं येतं अशी त्यांची समजूत आहे, आणि गावात त्यांच्याखेरीज कोणाला काहीच येत नाही अशी गावाचीही आहे.

आता हे खूळ का शिरलं ते सांगते, म्हणजे तू नुसता हसणार नाहीस. आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे बापूराव, शंकरपटात बैलांचा छकडा पळवणारे नावाजलेले धुरकरी. पटावर छकडा सुटला की ते जी आरोळी ठोकायचे, ती ऐकून हायवेवरचे ट्रकवाले ब्रेक दाबायचे म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या वर्षी त्या आरोळीने माझ्या हातातली वरणाची वाटी पडली होती. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा पाखऱ्या बैल गेला. दोन दिवसांचं दुखणं आणि संपलं. तेव्हापासून मामाजी ओसरीवरच्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून असायचे. वाढलं तर खायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत. ताटातले पोहे खाणाऱ्या कोंबडीलासुद्धा हुश म्हणायचे नाहीत. आरोळी तर राहूच दे. दादा, मला त्यांची फार भीती वाटायला लागली होती. माणूस असा हळूहळू विझतो, हे आपण आपल्या आबांच्या वेळी बघितलं आहे.

यंदा पट कमिटीच्या तानबा पाटलांनी बैलांच्या पटानंतर इंजिनाच्या गाड्यांचाही पट जाहीर केला. चार लहान चाकं, जमिनीला टेकेल इतकी खाली बैठक आणि मागे छोटं इंजिन. नागपूरला कुणा साहेबलोकांच्या पोरांच्या असल्या गाड्या पाटलांनी पाहिल्या होत्या. मास्तरांनी ठरवलं की आपण गाडी करायची आणि मामाजींना पटावर न्यायचं. निदान ते म्हणाले तसं. (मला वाटतं त्यांना गाडीच करायची होती, मामाजींचं नाव नंतर जोडलं. पण मनात आलं त्यांच्या, हेही काही कमी नाही.) हातगाडीची चाकं आली, कापसाच्या जिनिंगमधल्या जुन्या पाइपांचा सांगाडा आला, इंजिन बसलं, चेन लागली. तुझ्या फटफटीने पहिल्याच दिवशी अंगणभर काळा धूर सोडला आणि बंद पडली.

तिथून तुझी शिकवणी कामाला लागली. कार्बोरेटरात हवा आणि पेट्रोल मिसळतं, पेट्रोल जास्त झालं तर प्लग काळा पडतो, कमी झालं तर पांढरा पडून इंजिन जळतं, आणि नीट जमलं तर प्लग खरपूस तपकिरी दिसतो, असं तू त्यांना भाऊबीजेलाच माझ्या पोळपाटावर कोळशाने काढून दाखवलं होतंस. (पोळपाट अजून स्वच्छ निघालेला नाही.) मास्तर रोज शाळेतून आले की माझी परात घेत, तिच्यात पेट्रोल ओतून कार्बोरेटर धूत, हवेचा स्क्रू कधी इकडे कधी तिकडे फिरवत आणि प्लग काढून माझ्यासमोर धरत. बघ, रंग कसा आहे? मी म्हणायचे, करपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे, मी म्हणायचे, कच्ची आहे. मला काय, पोळीच्याच रंगाने कळतं. आमच्या घरातल्या भाकरीला पेट्रोलचा वास लागला, पाहुणे पाणी पिऊन उठायला लागले. मधे त्यातलं बारीक भोकाचं पितळी जेट तुंबलं होतं, ते एक दिवस आपोआप मोकळं झालं. त्या भोकात घरातल्या कोणीतरी काहीतरी घातलं असावं, असं मास्तरांचं मत आहे. मी त्यात पडत नाही.

आणि मग एक दिवस सुईची क्लिप हरवली. कार्बोरेटरात एक लांब सुई असते, तिला वर-खाली करायला खाचा असतात आणि खाचेत नखाएवढी क्लिप बसते, हे तुला सांगायची गरज नाही, पण मला ते आता झोपेतही सांगता येतं. मास्तरांनी चिमट्याने ती काढली आणि ती टण्णकन उडाली. मी शेजारीच तुरीची डाळ निवडत होते. सारं अंगण झाडलं, म्हशीची गव्हाण बघितली, मास्तरांनी माझ्या केसांतसुद्धा बघितलं. नाही म्हणजे नाही. संध्याकाळी वरण केलं, मामाजींना वाढलं, आणि दुसऱ्या घासाला मामाजींच्या दाताखाली काहीतरी कट्टकन वाजलं. मी डोळेच मिटले. मामाजींनी तोंडातून ती क्लिप काढली, उजेडात धरली, आणि उन्हाळ्यापासून पहिल्यांदा आपणहून बोलले.

"हे काय व्हय?"

मास्तरांनी सांगितलं. मामाजींनी ऐकून घेतलं, क्लिप धुतली, आणि भिंतीकडे न वळता अंगणात इंजिनापाशी जाऊन बसले. मी पदर डोळ्यांना लावला (कांदा चिरत नव्हते, खरंच रडले).

दुसऱ्या दिवसापासून इंजिन मास्तरांचं राहिलं नाही. मास्तर स्क्रू फिरवायचे आणि मामाजी उकिडवे बसून कान द्यायचे. त्यांना तपकिरी-बिपकिरी काही कळत नव्हतं, पण "खोकून राह्यलं", "आता दम लागला त्याले", "आता कसं, रवंथ करून राह्यलं" असं ते अचूक... अचूक म्हणणार नाही, पण मोठ्या खात्रीने सांगायचे. सुई मधल्या खाचेत बसली आणि इंजिन एका लयीत चालायला लागलं, तेव्हा त्यांनी त्याच्या टाकीवर थाप मारली आणि नाव ठेवलं पाखऱ्या. पाखऱ्याची जुनी झूल काढून त्याच्यावर टाकली. गळ्यातली घुंगरमाळ हँडलला बांधली. सकाळी मला विचारायचे, त्याले पाणी देल्लं काय? मी हो म्हणायचे. माणूस बोलतोय तर कशाला नाही म्हणायचं?

पटाच्या दिवशी सगळं वडनेर, अर्धं समुद्रपूर आणि हिंगणघाटच्या गिरणीतले लोक मैदानावर. आम्ही सकाळी गाडी चालवून बघितली होती, प्लग असा सुरेख खरपूस की मी त्याच्यावर तूप लावलं असतं. समोर बबनराव चक्कीवाले, चकाकती गाडी, डोळ्यांवर चष्मा. मास्तर डोक्याला टॉवेल बांधून बसले. मामाजी दोरीला चिकटून उभे होते. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते, दादा, गाडीकडे नाही. झेंडा पडला. मास्तर सुटले, बबनरावांच्या पुढे गेले, मामाजींनी छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आमच्या गाडीच्या बुडातून धूर निघाला. साधा नाही. पांढरा, जाड, आणि त्याला वास कशाचा म्हणशील तर जवसाची चटणी करपल्याचा! मैदान दिसेना. बायका खोकायला लागल्या, पटाच्या बैलांनी दावी तोडली, बबनरावांना वाट न दिसल्यामुळे ते थेट तुरीच्या तासात शिरले. आमची गाडी शेवटच्या दोरीच्या अलीकडे फुसफुसली आणि थांबली. मामाजींनी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. पट रद्द झाला, बक्षीस कोणालाच नाही.

मास्तर धुरातून लालबुंद होऊन आले. कार्बोरेटर उघडला तर आत तेलकट, चिकट राड. कोणी हात लावला होता माझ्या गाडीला, असं ते ओरडले, आणि शेजारून मामाजी शांतपणे म्हणाले, "मी पाजलं त्याले. तू रोज पेट्रोलात तेल घालून राह्यला ना? मी म्हटलं, आज पट आहे, जरा जास्त पाजावं. लोटाभर जवसाचं पाजलं. पाखऱ्या बैलाले मी पटाच्या दिवशी तेच पाजत जाओ."

कार्बोरेटरात सकाळचं चांगलं पेट्रोल उरलं होतं म्हणून गाडी सुटली, आणि ते संपल्यावर लोटा पोचला, हे मास्तरांनी मला नंतर समजावलं. त्या क्षणी मात्र त्यांनी डोक्याचा टॉवेल सोडून नुसतं तोंड पुसलं. मी खाकरले होते, त्यामुळेही असेल. मग मास्तर वडिलांना म्हणाले, बाबा, पुढल्या वेळी मला विचारून पाजजा. आणि दोघांनी मिळून गाडी घरी ढकलत आणली, घुंगरमाळ वाजत होती. त्या संध्याकाळी मामाजी पुन्हा ओसरीवर बाजेवर जाऊन पडले, पण तोंड अंगणाकडे होतं.

तर दादा, असं आहे. मी ह्या इंजिनाला कंटाळले आहे. परात गेली, पोळपाट गेला, गावात आमच्या घराला जवसवाले म्हणतात. तू येत्या रविवारी ये, तुझ्या जावईबापूंना दोन शब्द सुनाव, आणि हे धूड जसं आणलंस तसं एसटीच्या टपावर टाकून परत घेऊन जा. मोठा भाऊ म्हणून एवढं कर.

तुझी बहीण,
नलू

ता. क. रविवारी येऊ नकोस. जवसाचं तेल वाळून आत पापुद्रा धरला आहे, घासून निघत नाही. नवीन जेट, सुई आणि दोन क्लिपा (एक हरवायला) हिंगणघाटच्या बसच्या कंडक्टरकडे दे. डोमाजी नावाचा आहे, आमच्याच गावचा.

आणखी ता. क. स्टोव्हची पिन जेटमध्ये घातली तर भोक मोठं होतं का? शेजारच्या अन्नपूर्णाबाईंना माहिती हवी आहे.

शेवटचा ता. क. मामाजींचं म्हणणं पडलं की गाडीला धुरकरी हलका पाहिजे, मास्तर बसले की पाखऱ्याची कंबर मोडते. त्यांनी सगळ्या घराला जिनिंगमधल्या कापसाच्या काट्यावर उभं केलं आणि निकाल देऊन टाकला, सूनबाईच सगळ्यात हलकी, आता गाडी तीच हाकन. मी नाही म्हणणारच होते. पण जुनं जेट उकळून, रॉकेलने धुऊन मास्तरांनी काल थोडा वेळ इंजिन चालतं केलं, तेव्हा मी काष्टा घट्ट मारला आणि रस्त्यावरच्या बाभळीपर्यंत गाडी नेऊन परत आले. येताना इंजिन कसं चाललं ते मला ऐकू आलं नाही, कारण ओसरीवर उभं राहून मामाजी आरोळी ठोकत होते.