चरक, घोंगडी आणि माझी नसलेली चित्रे

मी, जोतीराम सयाजी निकम, वय ६८, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, राहणार पलूस, तालुका तासगाव, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने डॉक्टरांना विचारावे. घरच्यांना विचारू नये, त्यांचे मत पूर्वीपासून वेगळे आहे.

१. राहते घर व ओढ्याकाठची उसाची जमीन माझा एकुलता मुलगा लालासाहेब, फौजेतून निवृत्त हवालदार, यास मिळावी. पश्चिमेची भिंत पडायला आली आहे हे मी त्याला दर सुट्टीला सांगत होतो. आता ती त्याची आहे.

२. पोस्टातली शिल्लक माझी पत्नी शालूबाई हिची. तिने ती भावाला उसनी देऊ नये.

३. धाकटा भाऊ गुंडा यास काही नाही. कोरेगावच्या शाळेत नोकरीला असताना मी एका गुऱ्हाळातला मोडका चरक आणला, लेथवर त्याचे रूळ गुळगुळीत करून घेतले आणि उसाऐवजी कागद त्यातून काढू लागलो. मास्तराचे डोके फिरले म्हणून गुंडाने चार माणसांत माझे हसे केले. पुढे जत्रेत रसाचे दुकान टाकायला तोच चरक मागायला आला. मी दिला नाही. तेव्हापासून तो बोलत नाही. माझेही काही अडलेले नाही.

४. या कामाला मोनोटाइप म्हणतात. जस्ताच्या पत्र्यावर काळी शाई पसरायची, मग फडक्याने, बोटाने, लिंबाच्या काडीने पुसत जायचे. जेवढे पुसाल तेवढा उजेड. वर ओला कागद, त्यावर घोंगडीचा तुकडा, आणि चरकातून एकदाच काढायचे. पत्र्यावर काही कोरलेले नसते, म्हणून चित्र एकच निघते. दुसरा कागद लावला तर नुसती फिकट सावली उठते. "मास्तर, आमालाबी एक काढा की," म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणालो, त्याचा राग धरू नये. आधी आखून मी कधी काही केले नाही. पुसताना हात घाबरला की कागदावर दिसते. असले कागद मी फाडून चुलीत घातले.

५. सन १९७३ च्या श्रावणात माझ्या उजव्या अंगावरून वारे गेले. त्याआधीची चित्रे लालासाहेबाने घ्यावीत. त्यानंतर मला घास उचलवत नाही, पत्रा कुठला उचलतो? तेव्हापासूनचे प्रत्येक चित्र माझी सून विजयमाला हिने केले आहे. नवरा फौजेत असताना चरकाचा दांडा तीच फिरवायची. गोणपाटाने कागद फाटायचे, तर माहेराहून, माण तालुक्यातून घोंगडी आणायचे तिलाच सुचले. चित्रांत मेंढरांमागे उन्हात चाललेल्या बायका दिसतात, त्या तिच्या ओळखीच्या आहेत. मी माणात दोनदा गेलो, दोन्ही वेळा लग्नाला.

हे मी घरात सांगितले होते. तरी लालासाहेबाने ती सगळी चित्रे माझ्या नावाने प्रदर्शनात लावायला सांगलीच्या एका मंडळाला कबूल केली. जाब विचारला तर म्हणाला, "आबा, बाईमानसाची म्हनल्यावर कोन बघाय येनार?" विजयमाला दारातच उभी होती. ती आत गेली आणि भाकरी थापायला बसली. दिवाळीपासून तिने शाईच्या डब्याचे झाकण काढलेले नाही. मला पोराची लाज वाटली, आणि तिच्याकडे बघवत नाही.

६. चरक, पत्रे, रूळ, शाई व ते सर्व ठेवलेली पडवी विजयमालाच्या मालकीची राहील. तिथून एक खिळाही कोणी हलवू नये. चित्रांखाली तिचे नाव घालण्याचे विचारले तेव्हा ती म्हणाली, "नाव ऱ्हाऊ द्या, आबा. चरक तेवढा कुनी नेऊ नये असं लिवा."

तसे लिहिले आहे. चित्रे मात्र मी तिला देत नाही. मृत्युपत्राने माणसाला स्वतःचेच देता येते, आणि ती माझी कधीच नव्हती. मंडळाने लावायची तर तिला विचारून लावावीत आणि प्रत्येक चित्राखाली सौ. विजयमाला लालासाहेब निकम असे लिहावे. ते जमत नसेल तर भिंत मोकळी ठेवावी.

मजकूर माझ्या सांगण्यावरून लिहिला, मला वाचून दाखवला, बरोबर आहे.

ठिकाण : पलूस
दिनांक : ९ जानेवारी १९७८

जोतीराम सयाजी निकम
निशाणी डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार :
१. ज्ञानू हरिबा माने (सही)
२. आप्पासो नाथाजी पवार (सही)